केसपेपर, कच्च्या पावत्या आणि तीन वर्षं : यवतमाळ जिल्ह्यातला एक अपघात दावा

मी तालुक्याला विधी स्वयंसेवक म्हणून काम करते. अपघाताची प्रकरणं आमच्याकडे नेहमीच येतात, पण दवाखान्याचा खर्च विमा कंपनीकडून परत मिळवताना नेमकं कुठे काय अडतं, ते या एका प्रकरणात जवळजवळ सगळं दिसलं. म्हणून ते सविस्तर लिहिते आहे. गाव, तालुका, दवाखाने आणि विमा कंपन्यांची ओळख दिलेली नाही. ज्यांचा अपघात झाला त्यांना गावात सगळे भाऊ म्हणतात, म्हणून इथेही भाऊच.

पार्श्वभूमी

भाऊंचं वय तेव्हा ४३. पाच एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. शेतात काम नसलं की जिनिंगवर, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्यात, हमाली. १४ डिसेंबर २०२२ च्या संध्याकाळी ते जिनिंगवरून फटफटीने घरी निघाले होते. राष्ट्रीय महामार्ग ४४ ला जाऊन मिळणाऱ्या रस्त्यावर, एका फाट्याजवळ, कापसाची गाठोडी भरलेली पिकअप बैलगाडीला ओलांडत उजवीकडे आली आणि भाऊंवर आदळली. उजव्या पायाची गुडघ्याखालची दोन्ही हाडं मोडून कातडीबाहेर आली.

१०८ ची गाडी आली आणि त्यांना ग्रामीण रुग्णालयात घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरांनी पट्टी बांधली, इंजेक्शन दिलं, नोंद केली आणि यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची चिठ्ठी लिहून दिली. तोवर मेव्हणे गाडी घेऊन पोचले होते. सरकारी दवाखान्यात पाय कापतात, हे त्यांनी कुठेतरी ऐकलेलं. त्यांनी भाऊंना सरळ शहरातल्या खाजगी रुग्णालयात नेलं.

तिथे १६ दिवस. आधी बाहेरून सळया, मग आतून प्लेट. बिल झालं २,८६,४०० रुपये. भाऊंचा मुलगा बुटीबोरीच्या एका कारखान्यात कामाला आहे, त्याच्या कंपनीच्या गट विम्यात आईवडिलांची नावं होती. त्या मेडिक्लेममधून १,९४,००० रुपये परस्पर रुग्णालयाला गेले. उरलेले ९२,४०० आणि बाहेरची औषधं यांच्यासाठी वहिनींनी कापूस घेणाऱ्या व्यापाऱ्याकडून १,२०,००० रुपये उचलले, महिन्याला शेकडा तीन दराने.

पुढे जखमेत पू झाला, हाड जुळेना. ऑगस्ट २०२३ मध्ये दुसऱ्या, वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात कमरेचं हाड घेऊन पुन्हा ऑपरेशन करावं लागलं, त्याचे ४७,२००.

अडचण

वहिनी माझ्याकडे पहिल्यांदा आल्या त्या फेब्रुवारी २०२३ मध्ये, हातात कापड दुकानाची एक पिशवी घेऊन. पिशवीत सगळं होतं आणि काहीच नीट नव्हतं. औषधांच्या पावत्या, एक्स-रेच्या फिल्म, पेट्रोल पंपाच्या चिठ्ठ्या, रुग्णालयाच्या बिलाची झेरॉक्स. बिलाचा मूळ कागद मेडिक्लेमसाठी गेलेला. औषधांवर ६४,००० गेले असं त्या म्हणत होत्या. बिलं भरली ४१,३०० ची. त्यातल्याही ९,८०० च्या पावत्यांवर रुग्णाचं नावच नव्हतं, नुसतं ‘रोख’. दुकानदार नाव विचारत नाही आणि रात्री अकराला सलाईन आणायला धावलेला माणूस ते सांगत बसत नाही.

याहून मोठी अडचण खाजगी रुग्णालयाच्या दाखल कागदात होती. तिथे अपघाताची हकीकत लिहिली होती : ‘दुचाकीवरून घसरून पडल्याने इजा’. मेव्हण्यांना विचारलं तेव्हा ते सरळ म्हणाले, “म्या नुसतं गाडीवरून पडले म्हटलं ताई. पोलिसाचं लफडं लागलं असतं तं ॲडमिटच केलं नसतं ना.” असं कुठलंही रुग्णालय करू शकत नाही, अपघाताच्या रुग्णाला आधी उपचार द्यावेच लागतात. पण ही भीती गावोगाव आहे, आणि त्या एका वाक्याने पुढे दोन वर्षं त्रास दिला.

एफआयआरही सहा दिवसांनी, २० डिसेंबरला नोंदला गेला. घरातलं सगळं माणूस शहरात, ठाण्यावर जायला कोणी नाही, आणि जो पुतण्या गेला त्याला ‘आपसात बघा’ असं ऐकवून परत पाठवलं होतं. भारतीय दंड संहितेची कलमं २७९ आणि ३३८ लागली, पिकअपचा नंबर त्यात आला. पण सहा दिवसांचा उशीर आणि ‘घसरून पडले’ हे दोन कागद शेजारी ठेवले की विमा कंपनीचा वकील काय म्हणणार, ते सांगायला नको : गाडी नंतर शोधून आणली.

पर्याय

पिकअपचा मालक आठ किलोमीटरवरच्या गावचा, लांबच्या नात्यातलाही. त्याने पाटलांमार्फत निरोप पाठवला होता : ६०,००० रोख, शंभराच्या स्टॅम्पवर ‘काही तक्रार नाही’ असं लिहून द्यायचं. घरात बहुतेकांना हे मान्य होतं. व्याज चालू होतं, समोर रोख दिसत होते. हा पहिला खरा निर्णयाचा क्षण, आणि इथे एका गैरसमजाने सगळं बिघडलं असतं. भाऊंच्या घरच्यांना वाटत होतं की दावा केला तर तो नातेवाईक बुडेल, आणि मालकालाही तेच वाटत होतं. गाडीचा थर्ड पार्टी विमा चालू असेल तर जखमीची भरपाई विमा कंपनी देते. इजा आणि मृत्यू यांच्यासाठी या विम्यात रकमेची कमाल मर्यादा नाही. मालकाने फक्त पॉलिसी, आरसी, परमिट आणि चालकाचा परवाना यांच्या प्रती द्यायच्या. हे मी दोन्ही घरांत जाऊन सांगितलं. मालक हुश्श म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी प्रती आणून दिल्या. पुढे तोच माणूस साक्षीला उभा राहिला. तेव्हा भांडण उकरलं असतं, तर ते घडलं नसतं.

दुसरा पर्याय मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ चा. चूक कोणाची हे सिद्ध न करता गंभीर इजेसाठी ठरावीक २,५०,००० रुपये, मृत्यूसाठी ५,००,०००. भाऊंची मोठी अडचण ‘धडक झाली का’ हीच असल्याने हा रस्ता मोहात पाडणारा होता. पण ही रक्कम स्वीकारली की कलम १६६ चा, म्हणजे चूक सिद्ध करून पूर्ण भरपाई मागण्याचा, दावा संपतो. भाऊंच्या नुसत्या पहिल्या बिलाचा आकडाच अडीच लाखांच्या वर होता, दुसरं ऑपरेशन तर व्हायचं होतं.

तिसरा, विमा कंपनीने स्वतःहून देऊ करायची रक्कम. एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत दावा न्यायाधिकरणाला (अपघाताच्या भरपाईचे दावे चालतात ते न्यायालय) आणि विमा कंपनीला पाठवायचा असतो. कंपनीने अधिकारी नेमून जखमीसमोर प्रस्ताव ठेवायचा असतो. कागदावर व्यवस्था उत्तम आहे. आमच्याकडे कोणी आलं नाही, आणि वाट बघत बसणंही परवडणारं नव्हतं, कारण मोटार वाहन कायद्यातल्या तेव्हाच लागू झालेल्या दुरुस्तीने दावा दाखल करायला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली आहे. त्या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आहे. तरी मी कोणालाही त्या आशेवर थांबू देत नाही.

राहिला कलम १६६ चा पूर्ण दावा : चूक सिद्ध करा, खर्च सिद्ध करा, मग जेवढं नुकसान तेवढी भरपाई. तो कुठे करायचा हाही प्रश्न होता. नागपूरच्या एका वकिलांनी मेव्हण्यांना गाठून ‘एक पैसा देऊ नका, आले की पंचवीस टक्के’ असं सांगितलं होतं. निकालावर अवलंबून फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे, तरी ही भाषा सर्रास चालते. भाऊ जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या मोफत वकिलाला पात्र होते. जखमी जिथे राहतो तिथल्या न्यायाधिकरणात दावा करता येतो, म्हणून यवतमाळ ठरलं.

काय केलं

एप्रिल २०२३ च्या शेवटी दावा दाखल झाला. चालक, मालक आणि विमा कंपनी असे तीन प्रतिवादी.

त्याआधीचे दोन महिने आम्ही पिशवी उपसली. वहिनींची सातवीतली पुतणी आणि मी, एका वहीत तारखेप्रमाणे. पेट्रोल पंपाच्या आणि दोन औषध दुकानांच्या चिठ्ठ्या थर्मल कागदावरच्या होत्या. दोन महिन्यांतच अक्षरं राखाडी झाली होती. तेव्हा झेरॉक्स काढल्या नसत्या, तर साक्षीच्या वेळी आमच्याकडे कोरे कागद उरले असते. शहराच्या १९ फेऱ्या झाल्या होत्या, गाडीभाडं फेरीला २,२०० च्या आसपास. गाडीवाल्याच्या सहीची पावती चारच फेऱ्यांची. उरलेल्या पंधरांची आता लिहून घ्यावी का, असं मेव्हण्यांनी विचारलं. मी नाही म्हणाले. एकाच पेनाने एका दिवशी लिहिलेल्या पंधरा पावत्या उलटतपासणीत खऱ्या चारांनाही घेऊन बुडतात.

विमा कंपनीचं म्हणणं आलं तेव्हा त्यात अपेक्षेप्रमाणे सगळं होतं. अपघात या गाडीने झालाच नाही. झाला असेल तर चालकाकडे हलक्या वाहनाचा परवाना होता, मालवाहतुकीची वेगळी नोंद त्यावर नव्हती, म्हणून आम्ही जबाबदार नाही. भाऊंचा स्वतःचा परवाना संपलेला होता, म्हणून त्यांचीही चूक. बिलं सिद्ध नाहीत. आणि १,९४,००० तर मेडिक्लेमने दिलेच आहेत, एकाच खर्चाचे पैसे दोनदा कसे?

पहिल्या मुद्द्याला उत्तर मिळालं ते ग्रामीण रुग्णालयाच्या केसपेपरमध्ये. मेव्हणे पोचण्याआधी भाऊ शुद्धीवर होते आणि त्यांनी स्वतः डॉक्टरांना सांगितलं होतं. संध्याकाळी ७.४० ची नोंद : मालवाहू पिकअपने धडक, मेडिको-लीगल (म्हणजे पोलिसांना कळवायचं प्रकरण). पावणेतीन लाखांच्या बिलाच्या फाइलीपेक्षा हे एक पान जास्त कामाला आलं. डॉक्टर बंधपत्रित होते, म्हणजे शिक्षणानंतरची ठरावीक सरकारी सेवा करणारे, आणि बदलून गेलेले. रुग्णालयाचा लिपिक एमएलसी, म्हणजे मेडिको-लीगल केसचं, रजिस्टर घेऊन आला आणि नोंद वाचून दाखवली. घटनास्थळ पंचनाम्यात कापसाची विखुरलेली बोंडं आणि काचा लिहिलेल्या होत्या. शिवाय मालक उभा राहिला : हो, माझीच गाडी होती.

बिल सिद्ध करायला खाजगी रुग्णालयाच्या बिल विभागातल्या कर्मचाऱ्याला साक्षीसमन्स काढलं. तीन तारखा तो आला नाही. चौथ्या तारखेला रजिस्टर आणि संगणकातली प्रत घेऊन आला आणि अर्ध्या तासात काम झालं. न्यायाधिकरणात चौकशी संक्षिप्त पद्धतीने होते, दिवाणी दाव्यासारखा काटेकोर पुरावा मागत नाहीत, हे खरं. पण मूळ बिल दुसऱ्या विमा कंपनीकडे गेलेलं असताना नुसत्या झेरॉक्सवर विसंबणं आमच्या वकिलांना पटलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

परवान्याचा आणि मेडिक्लेमचा, हे दोन्ही मुद्दे मात्र आमच्या हातात नव्हते. परवान्याचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापुढे होता. मालकाची झोप उडाली, कारण त्या मुद्द्यावर कंपनी जिंकली असती तर ‘आधी जखमीला द्या, मग मालकाकडून वसूल करा’ असा आदेश होण्याची शक्यता होती. मेडिक्लेमची रक्कम वजा करायची की नाही, यावर मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालांत एकवाक्यता नव्हती आणि तो प्रश्न पूर्णपीठाकडे, म्हणजे त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठाकडे, गेला होता.

लोकअदालतीचा दिवस

सप्टेंबर २०२४ मध्ये राष्ट्रीय लोकअदालतीत कंपनीने ५,२५,००० देऊ केले, व्याजासकट, सगळं मिळून. मेडिक्लेमचे पैसे वजा करूनच हा आकडा काढला होता. लोकअदालतीतल्या तडजोडीवर अपील नसतं, पैसे लवकर येतात. तोवर भाऊंनी व्यापाऱ्याला महिन्याला ३,६०० व्याज देऊन २१ महिने झाले होते.

मी घ्या म्हणाले. दोन्ही कायद्याचे मुद्दे विरोधात गेले, तर हातात याहून कमी येईल, असं मला वाटत होतं. वकिलांचं काही ठरत नव्हतं. भाऊ गप्प. वहिनी म्हणाल्या, “पोराच्या पगारातून दर महिन्याले पैसे कटतात ताई. त्याचे पैसे ह्या गाडीच्या कंपनीनं कायले कापाचे? थे का त्याईनं भरले?”

यावर पॅनेलवरचे सगळेच थोडे हसले, पण तिथे कोणाकडे उत्तर नव्हतं. तडजोड झाली नाही.

६ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितलं की एकूण वजन ७,५०० किलोपर्यंतचं मालवाहू वाहन चालवायला हलक्या वाहनाचा परवाना पुरतो, वेगळ्या नोंदीची गरज नाही. आमची पिकअप त्या मर्यादेच्या पुष्कळ खाली. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मेडिक्लेमचा प्रश्न निकाली काढला : ती रक्कम हप्ता भरून केलेल्या स्वतंत्र कराराची असते, अपघाताच्या भरपाईतल्या वैद्यकीय खर्चातून ती वजा करता येत नाही. वहिनींनी सहा महिने आधी जे विचारलं होतं, जवळपास तेच. मुलाच्या पगारपत्रकावरची कपात आम्ही लगेच दाखल केली.

निकाल

ऑगस्ट २०२५ मध्ये निकाल लागला. कागद असलेला खर्च आम्ही ३,८६,५०० चा मांडला होता : पहिलं बिल, दुसरं ऑपरेशन, औषधांचे ४१,३०० आणि एक्स-रे व फिजिओथेरपीचे ११,६००. त्यातून नाव नसलेल्या पावत्यांचे ९,८०० आणि रुग्णालयाच्या बिलात आधीच धरलेल्या एक्स-रेचे ४,८०० गेले. मिळाले ३,७१,९००. एक्स-रे दोनदा मांडले गेले ही माझी चूक, आणि कंपनीच्या वकिलांनी ती बरोबर पकडली.

प्रवास, सोबतीचं माणूस आणि आहार मिळून ठोक ३५,०००. वहिनींनी त्या हंगामात स्वतःची वेचणी सोडली, दुसऱ्याच्या वावरातली मजुरी बुडवली, हे सगळं या ३५,००० मध्येच.

उत्पन्नाचा कागद नव्हता, म्हणून महिन्याला ९,००० धरलं. उपचाराच्या दहा महिन्यांचे ९०,०००. जिल्हा रुग्णालयाच्या दाखल्यावर ३८ टक्के अपंगत्व होतं, पण ते त्या पायापुरतं. कष्टाच्या कामावर त्याचा परिणाम २० टक्के धरला गेला. भविष्यातल्या वाढीचे २५ टक्के मिळवून आणि ४३ वर्षांच्या वयाला लागणाऱ्या १४ च्या पटीने ३,७८,०००. वेदनांसाठी ५०,०००, आयुष्यातल्या सोयी गमावल्याबद्दल ४०,०००. एकूण ९,६४,९००, दाव्याच्या तारखेपासून ७ टक्के व्याज. भाऊंचा संपलेला परवाना अपघाताचं कारण नाही, म्हणून त्यापोटी कपात नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये व्याजासह सुमारे ११ लाख ३५ हजार जमा झाले. निम्मी रक्कम तीन वर्षांच्या मुदत ठेवीत ठेवायचा आदेश होता. व्यापाऱ्याचं मुद्दल त्याच आठवड्यात फेडलं. तोवर ३५ महिन्यांचं व्याज १,२६,००० गेलं होतं, मुद्दलापेक्षा जास्त. न्यायाधिकरणाचं व्याज वर्षाला ७ टक्के, व्यापाऱ्याचं ३६. हा फरक कुठल्याच मथळ्याखाली मागता आला नाही.

आज असतं तर

खाजगी रुग्णालयात जाण्याचा निर्णय मी चुकीचा म्हणणार नाही, रात्री रक्त वाहत असताना तो घेतला गेला. पण महात्मा फुले जन आरोग्य योजनेची आठवण त्या रात्री कोणालाच आली नाही. भाऊंकडे केशरी शिधापत्रिका होती. यवतमाळ, वर्धा, अमरावती, अकोला, बुलडाणा, वाशीम हे आत्महत्याग्रस्त धरलेल्या १४ जिल्ह्यांत होते, तिथे तर शुभ्र शिधापत्रिकेच्या शेतकऱ्यालाही सातबाऱ्यावर योजना लागू होती. योजनेतल्या रुग्णालयात गेले असते, तर कर्ज बहुधा लागलंच नसतं. आणि मे २०२५ पासून केंद्राची नवी योजना आहे : अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाखांपर्यंतचा उपचार रोख न भरता. भाऊंना ती मिळण्यासारखी नव्हती, पण आता कोणी अपघाताचा फोन केला की मी पहिलं वाक्य हेच बोलते. दुसरं वाक्य : दवाखान्यात ‘पडले’ म्हणू नका, कोणत्या गाडीने मारलं ते सांगा आणि काय लिहिलं ते वाचून घ्या.

बिलांचं म्हणाल तर मेडिक्लेमला मूळ कागद देण्याआधी रुग्णालयाच्या शिक्क्याची प्रत घ्यायला हवी होती. ते झालं असतं, तर त्या कर्मचाऱ्याच्या चार तारखा, म्हणजे आमचे जवळपास आठ महिने, वाचले असते.

लोकअदालतीबद्दल मला अजून ठरवता आलेलं नाही. वहिनी बरोबर ठरल्या, पण दोन्ही निकाल उलटे लागले असते तर कदाचित मीच बरोबर ठरले असते, आणि व्यापाऱ्याचं व्याज तर दोन्हीकडे चालूच होतं. एवढं मात्र खरं की वरच्या न्यायालयात काय प्रलंबित आहे हे मी त्यांना ‘धोका’ म्हणून सांगितलं. ते त्यांच्या बाजूनेही फिरू शकतं, हे त्याच आवाजात सांगितलं नाही.

एक गोष्ट सुटलीच. डॉक्टरांनी तोंडी सांगितलं होतं की पुढे प्लेट काढावी लागेल. त्याचं अंदाजपत्रक लेटरहेडवर मागायचं राहिलं, फाइलीत आलं नाही, म्हणून पुढच्या उपचाराचा एक रुपयाही निकालात नाही. प्लेट अजून पायातच आहे. या उन्हाळ्यात, वावरात काम नसताना, जन आरोग्य योजनेतून ती काढून घ्यायचं ठरलं आहे. शिधापत्रिकेवर भाऊंचं नाव आधारपेक्षा वेगळं छापलंय, सध्या ते दुरुस्त करण्याच्या मागे आम्ही आहोत.